किमान दोन माद्या

मी स्वभावाने चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. पुण्यात अठरा वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा मुलं माझ्या पाठीमागे मला विंचू म्हणायची. शास्त्रीयदृष्ट्या तेही चूकच. विंचू उगाच नांगी मारत नाही, मी मारते.

नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, म्हणजे सूर्यकांतच्या नोकरीमागे शारजाला आले. दीड वर्षात त्यांच्या कंपनीने त्यांना अबुधाबीच्या साइटवर हलवलं आणि मी शारजातच राहिले, कारण आमच्या मुलीची, इराची, बारावी होती. मग इरा शिकायला मेलबर्नला गेली आणि तरी मी शारजातच राहिले. तेव्हा मात्र काही कारण नव्हतं. भाडं भरलेलं होतं, फर्निचर होतं, सवय झाली होती. माणूस कुठे का राहतो, याची बहुतेक उत्तरं अशीच असतात.

मला काम मिळालं ते एका वन्यजीव सर्वेक्षण केंद्रात. शारजापासून पूर्वेला गेलं की वाळू संपते आणि हजरचे डोंगर सुरू होतात. काळे, तापलेले, झाड औषधाला नाही असे. त्या डोंगरांत कोणकोणते प्राणी उरलेत हे बघायला केंद्राने दगडांवर कॅमेरे बसवलेले. समोरून काही हाललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. महिन्याला वीस-पंचवीस हजार फोटो येतात आणि ते एकेक बघून कुणीतरी लिहायचं असतं की यात काय आहे. ते कुणीतरी म्हणजे मी. त्यातले नव्वद टक्के फोटो वाऱ्याने हललेल्या गवताचे. उरलेल्यांत मोकाट गाढवं, कुणाच्या तरी पाळीव शेळ्या, कोल्हे, साळिंदर आणि सुट्टीच्या दिवशी मांस भाजायला कोळसे घेऊन आलेली माणसं. एकदा एका माणसाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून पूर्ण भांग पाडला होता. मी त्याच्यापुढे ‘सस्तन’ एवढंच लिहिलं.

पण केंद्राला या सगळ्यांत रस नव्हता. त्यांना हवा होता ताहर. ताहर म्हणजे डोंगरकड्यावर राहणारी रानशेळीची जात. बुटकी, लोकरट, मागे वळलेल्या शिंगांची, आणि हे डोंगर सोडून जगात दुसरीकडे कुठेही नसलेली. आमच्या त्या दरीत, म्हणजे वादीत, ताहर संपला असंच सगळे धरून चालले होते. चार वर्षांपूर्वी तिथे एक मादी दिसली, कॅमेऱ्यात नाही, लांबून, दुर्बिणीतून.

आता माझी चूक सांगते. कॅमेरे लावायची एक पद्धत असते. एका जागी दोन कॅमेरे, समोरासमोर. प्राणी मधून गेला की एक त्याची डावी बाजू टिपतो, दुसरा उजवी. प्राण्याची ओळख पटते ती अंगावरच्या खुणांवरून, आणि खुणा दोन्ही बाजूंना वेगळ्या असतात. म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी हव्यात. आमच्याकडे कॅमेरे दहा, म्हणजे जागा पाच. मी म्हटलं, हे कसलं उधळेपण? एक कॅमेरा अठराशे दिरहमचा, म्हणजे चाळीस हजार रुपयांचा, आणि तुम्ही एकाच दगडापुढे दोन-दोन लावता? जोड्या फोडा, दहा जागा बघा. मी ज्या घरात वाढले तिथे साबणाची चिपसुद्धा नव्या वडीला चिकटवून वापरतात. काटकसर केली की मला पुण्य केल्यासारखं वाटतं. सगळ्यांना ते पटलं. आमची प्रमुख डॉक्टर मोझा, इथलीच, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हसून म्हणाली, “छाया, तू आमचं बजेट सांभाळायला हवंस.” मी आठवडाभर फुगून होते.

जोड्या फोडल्या आणि दोन महिन्यांत दुसरी मादी सापडली.

वरच्या कड्यावरच्या कॅमेऱ्यात सकाळी दिसायची ती तांबूस. तिच्या डाव्या मांडीवर जुन्या जखमेचा पांढरा चट्टा होता. खालच्या वळणावरच्या कॅमेऱ्यात संध्याकाळी दिसायची ती करडी. तिच्या उजव्या खांद्यावर केस उडालेली एक तिरकी रेघ. फाइलमध्ये एफ-वन आणि एफ-टू. मी आपली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे, कारण दोघी एकाही फोटोत एकत्र यायच्या नाहीत. एक उतरून गेल्याशिवाय दुसरी चढायचीच नाही. मी शौकतला म्हटलं, “या सख्ख्या जावा आहेत बघा. एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत.”

शौकत आमचा फील्डवरचा माणूस. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, तेवीस वर्षं इथे. गाडी तोच चालवायचा, कडे तोच चढायचा, कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं तोच आणायचा. तो म्हणाला, “मॅडम, सुट्टीला गेलो का आमच्या गावच्या घरात पण सेम टू सेम. माझी बायको जुलेखा आणि माझी भाभी. एक किचनमध्ये असली का दुसरी अंगणात.”

आम्ही दोघंही हसलो होतो. त्या हसण्यात सगळं समोरच होतं, पण विनोद झाला की माणूस पुढचा विचार करत नाही.

मोझाने मात्र विचारलं होतं. तेव्हा योजना तयार होती. दूर अल ऐनच्या बाजूला ताहरांचं एक संवर्धन केंद्र आहे, मोठ्या कुंपणात खडकाळ जागा, तिथे सहा-सात जनावरांचा कळप. नियम असा, की रानात एखादी मादी एकटी उरली असेल तर तिला पकडून तिथे न्यायची. ताहर एकटा राहणारा प्राणी नाही. पण दोन असतील तर हलवायचं नाही, त्यांचा डोंगर त्यांना राहू द्यायचा. पिंजरा आला होता, परवानगी आली होती. मोझा म्हणाली, “एकच मादी दोन्ही बाजूंनी दिसत नसेल ना? शुअर आहेस?”

माझा आवाज चढला. रंग वेगळा, वेळ वेगळी, वाट वेगळी, आणि अठरा वर्षं मी वर्गीकरण शिकवलंय, असं मी चारचौघांत सुनावलं. खरा नियम मला माहीत होता. नुसत्या डाव्या आणि नुसत्या उजव्या फोटोंची बेरीज करायची नसते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण मला दोन हव्या होत्या. कड्यावर एकटंच जनावर फिरतंय हे रोज बघणं माझ्याच्याने झालं नसतं, हेही त्यात होतं. अहवालात ओळ गेली: ‘किमान दोन माद्या.’ पिंजरा परत गेला.

त्यानंतरची चार वर्षं माझी बरी गेली. आमच्या केंद्राला शुक्रवार ते रविवार सुट्टी, सूर्यकांतना फक्त रविवार. ते शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. बाकी दिवस मी, एसीचा आवाज आणि बाल्कनीतली कबुतरं. महाराष्ट्र मंडळात जायचे, पण तिथे मी कुणाच्या तरी बासुंदीला काहीतरी बोलले आणि बोलावणी कमी झाली. इराला फोनवर म्हटलं, घर खायला उठतं गं, तर म्हणाली, “मॉम, गेट अ कॅट ना.” मांजर कशाला? माझ्याकडे थोरली होती, धाकटी होती. सोमवारी नवीन कार्ड आलं की मी आधी त्या दोघींना शोधायचे. थोरली उतरली का, धाकटी चढली का. त्या खुशाल आहेत म्हटल्यावर मग गाढवांकडे वळायचे. गवत खाल्लं नाही तर काळजी, लंगडली तर काळजी. स्वयंपाक करताना सूर्यकांतना त्यांच्या गोष्टी सांगायचे. ते हूं हूं करायचे.

या जानेवारीत डोंगरात जोराचा पाऊस झाला आणि वादीला लोंढा आला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शौकत कार्डं घेऊन आला तेव्हा कोपरापर्यंत खरचटलेला होता.

“खालचा पॉइंट खलास, मॅडम,” तो म्हणाला. “तो पूर्ण पत्थरच वाहून गेला. कॅमेरा वाचला, नशीब. मग मी काय केलं, लोंढा उतरला तेव्हाच, दोन आठवडे झाले, त्याला वरच्या कॅमेऱ्याच्या समोर लावला. फेस टू फेस. म्हटलं नवीन जागा मिळेपर्यंत राहू दे, खाली बॅगेत पडून काय करणार?”

मी म्हटलं बरं केलंत, आणि बसले.

दुपारचे तीन वाजले होते. वरच्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं. थोरली आली होती, सहाच दिवसांपूर्वी, सकाळी सहा बारा, चाळीस सेकंद. चट्टा स्वच्छ दिसत होता. मग दुसरं कार्ड लावलं. त्यात धाकटी. खांद्यावरची रेघ. सकाळी, ती कधी येत नाही अशा वेळी. मी वेळ बघितली. सहा बारा, चाळीस सेकंद.

मी खुर्चीतून उठलेच. चार वर्षांनी दोघी एकत्र! मोठ्याने “शौकत!” अशी हाकही मारली, पण तो गाडीकडे गेला होता. मग थोरलीच्या फोटोत धाकटी कुठे उभी आहे हे बघायला खाली बसले.

ती नव्हती. थोरलीच्या फोटोत थोरली होती आणि पलीकडचा मोकळा खडक. धाकटीच्या फोटोत धाकटी होती आणि अलीकडचा मोकळा खडक. दोन्ही फोटोंत तिने उजवा पुढचा पाय उचललेला होता, तोच पाय, तेवढाच. दोन्ही फोटोंत तिच्या खुरापाशी तोच एक फुटका गोटा होता. सकाळच्या उन्हात दोन्ही बाजूंनी ती तांबूसच होती. करडी दिसायची ती संध्याकाळच्या सावलीत.

घड्याळ चुकलं असेल म्हणून तपासलं. पुढचे फोटो उघडले. आठ वेळा ती तिथून गेली होती, आठही वेळा दोन्ही कॅमेऱ्यांत, सेकंदाला सेकंद. सकाळी कड्यावरून उतरायची आणि संध्याकाळी वळणावरून चढायची, उतरायची वाट वेगळी आणि चढायची वेगळी. एवढंच होतं ते. जावा नव्हत्या, भांडण नव्हतं. एकच मादी चार वर्षं त्या डोंगरात एकटी गोल फिरत होती, आणि मी तिला सोबत आहे असं कागदावर लिहून दिलं होतं.

मला रडू आलं नाही. मी दोन्ही कार्डं काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर बंद केला.

त्या दिवशी मी केंद्रात कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नऊ दिवस बोलले नाही. खरं सांगायचं तर मी एक फोल्डर दोनदा निवडून ‘डिलीट’वर बोट ठेवलं होतं. शौकतला सांगायचं, तो खालचा कॅमेरा दुसरीकडे लावा. कार्ड पाण्याने खराब झालं म्हणायचं. थोरली थोरली राहिली असती, धाकटी धाकटी. माझं एप्रिलमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, ते पुढे चालू राहिलं असतं. पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. सूर्यकांतांच्या पगारात भागत होतं. पण हे काम गेलं तर सोमवारी उठून मी काय करणार होते? चोपन्न वर्षांच्या, खोटी मोजणी केलेल्या बाईला दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

आणि दुसऱ्या बाजूला तारखा होत्या. मार्चनंतर ऊन चढतं, मग जनावर पकडता येत नाही, धडपडीतच मरतं. शिंगांवर दर वर्षी उमटणाऱ्या वळ्यांवरून तिचं वय बारा-तेरा निघत होतं. ताहर रानात याहून फार जगत नाही. पुढचा हिवाळा तिला मिळेलच असं नव्हतं.

रविवारी सूर्यकांतना सांगितलं. आमटी-भात जेवत होते. त्यांनी सगळं ऐकलं, मग म्हणाले, “अगं, एक काय नि दोन काय. चार वर्षं जगली ना ती? मग जगेल पुढे. तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? विचारलंय का कुणी तुला?”

“विचारलं होतं,” मी म्हटलं. “तेव्हा मी ओरडले.”

“मग आता गप्प बस. नाव खराब होईल.”

त्यांचंही चूक नव्हतं. दमलेला माणूस, सुट्टीचा एक दिवस, त्यात माझी शेळी. दोन वाजता ते झोपले. मी बाहेरच्या खोलीत बसले आणि आतून त्यांचं घोरणं ऐकत राहिले. आमच्या भाडेकरारावर दोन नावं आहेत. कुणी मोजायला आलं तर या घरात किमान दोन माणसं राहतात असंच लिहील. हा विचार आला आणि मला स्वतःची इतकी चीड आली की उठून उगाच ओटा घासला.

बुधवारी शौकत आला. नवीन जागा सापडली, खालचा कॅमेरा हलवू का, असं विचारायला. मी त्याच्यासमोर ते दोन फोटो शेजारी शेजारी लावले आणि खुर्ची सरकवली. त्याने चष्मा चढवला. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. त्याला माझ्याएवढा वेळ लागला नाही.

“म्हणजे ही एवढी वर्षं अकेलीच?” तो म्हणाला.

मी मान हलवली.

“मॅडम, एक बोलू? मी तेवीस वर्षं इथे आहे. जुलेखा आली सहा वर्षांपूर्वी. तिच्या आधी शेअरिंग रूममध्ये आठ माणसं होतो, तरी मला माहीत आहे अकेला काय असतं. पण मला कोणी सांगितलं असतं ना का बाबा, तुझी जागा तयार होती, पण कागदावर चुकून तुझ्याबरोबर अजून एक माणूस लिहिला म्हणून तुला बोलावलं नाही...” त्याने चष्मा काढला आणि पुसला. “कॅमेरे मीच लावले होते. तुम्ही एकट्या जाऊ नका बोलायला. मी पण येतो.”

“तुम्ही मी सांगितलं तिथे लावलेत. चूक माझी आहे.”

“मग आजच सांगा. यल्ला, उठा.”

मोझाच्या खोलीत मी उभ्यानेच सांगितलं. फोटो टेबलावर ठेवले. मला वाटलं होतं ती ओरडेल. मी मनात तिची वाक्यंसुद्धा तयार केली होती आणि त्यांवर माझी उत्तरंही. तिने दोन्ही फोटो हातात घेतले, एकावर एक धरले, उजेडात बघितले आणि इंग्रजीत फक्त विचारलं, “आता तिचं वय किती?”

“बारा. कदाचित तेरा.”

“तेव्हा आठ होती,” ती म्हणाली. “तेव्हा तिला पिल्लं झाली असती.”

एवढंच. मग तिने फोन उचलला आणि परवानगीसाठी बोलायला लागली. मी तिथेच उभी होते. ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

परवानगी आठ दिवसांत आली. कड्याखाली जाळीचं एक कुंपण उभं करायला आणखी दोन आठवडे लागले. आत हिरवा चारा आणि पाण्याची परात. दार उघडं ठेवायचं, तिला सवय होऊ द्यायची, आणि ती आत शिरली की दुरून दोर ओढायचा. शौकत आणि दोन माणसं खडकाआड तंबू ठोकून बसली. मी जायचं नाही असं ठरलं. जितकी माणसं कमी तितकं बरं. मी ऑफिसात बसून कॅलेंडर बघायचे. पहिले पाच दिवस ती आसपाससुद्धा फिरकली नाही. दहाव्या दिवशी दारापर्यंत आली, हुंगून परत गेली. तोवर मार्चचा तिसरा आठवडा लागला होता आणि दुपारी बाहेर पाऊल ठेवलं की चटका बसत होता. मोझा म्हणाली, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर कुंपण काढू. रात्री मला झोप लागायची नाही. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या दिवसांत गणपतीसमोर उभी राहून म्हणायचे, बाई गं, शीर एकदा आत. गणपतीला बाई म्हणून झालं होतं, तरी लक्षात आलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी शौकतचा फोन आला. “मॅडम, अल्हमदुलिल्ला. झाली आत. एकदम शांत आहे, काही धावपळ नाही. डोळे झाकलेत, गाडीत ठेवतोय.” मागे वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “दोन्ही बाजूंनी बघितली मी. चट्टा पण आहे, रेघ पण आहे.”

मी फोन ठेवला आणि मग मात्र रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. मोझाने ते नीट, बंद दाराआड सांगितलं. जुना अहवाल मागे घ्यावा लागला होता, परिषदेत सांगितलेले आकडे दुरुस्त करावे लागले होते, आणि त्या सगळ्यावर माझं नाव होतं. ती म्हणाली, “तू सांगितलंस, हे मी विसरणार नाही.” मी म्हटलं, “नऊ दिवस उशिरा सांगितलं, हेही विसरू नका.” माझं शेवटचं काम म्हणजे त्या वादीचा तक्ता पुरा करणं. ताहर, वादीतली संख्या. आधी तिथे माझ्याच हाताने दोन लिहिलेलं होतं. ते खोडून मोझाने एक केलं होतं. आता शून्य लिहिलं. चार वर्षांत मी केलेली ती एकमेव बरोबर मोजणी होती, आणि ती लिहून झाल्यावर त्या खोलीत मला बसवेना.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी शौकत मला संवर्धन केंद्रात घेऊन गेला. त्यानेच परवानगी काढली होती, मला न विचारता. गाडीत जुलेखाने दिलेली घावनं होती, ओल्या फडक्यात बांधलेली. दोन तासांच्या रस्त्यात आम्ही ती खाऊन संपवली.

कुंपणाच्या एका बाजूला लाकडी फळ्यांची भिंत आहे, तिला डोळ्यांच्या उंचीला फटी. तिथला माणूस हलक्या आवाजात म्हणाला, पहिले बारा दिवस ती कुंपणाला तोंड करून उभी असायची, कळपाकडे पाठ. चारा सगळे खाऊन गेल्यावर खायची. आता जरा बरं आहे.

मी फटीला डोळा लावला. खडकांच्या सावलीत जनावरं बसली होती. मी मोजली नाहीत. माझ्या मोजण्यावर आता माझाच विश्वास नाही. एकेकीच्या अंगावरून नजर फिरवत गेले आणि पाण्याजवळ ती दिसली.

ती केवढीशी होती! फोटोत मला ती मोठी वाटायची, भारदस्त. प्रत्यक्षात माझ्या गुडघ्याच्या थोडी वर. पोट खपाटीला गेलेलं, लोकर ठिकठिकाणी विरलेली, म्हातारी. तेव्हा लक्षात आलं की मी तिला याआधी कधी पाहिलंच नव्हतं. चार वर्षं रोज, आणि एकदाही नाही. ती पाणी प्यायली, वळली. डावी मांडी दिसली, पांढरा चट्टा. मग चार पावलं चालून पुन्हा वळली. उजवा खांदा, तिरकी रेघ. एकाच अंगावर दोन्ही. मी फळीवर कपाळ टेकवलं आणि म्हटलं, “माफ कर गं.”

तेवढ्या आवाजाने तिने मान वर केली. तिचे कान माझ्याकडे वळले. नाकपुड्या फुलल्या. तिला ना माझं नाव माहीत होतं, ना माझा चेहरा. माणसाचा वास तेवढा कळला. ती घाबरली. झटकन फिरली आणि टुणकन दोन उड्या मारून खडकाकडे गेली, जिथे दोन माद्या रवंथ करत उभ्या होत्या. त्यांच्या मधून घुसून ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या हलल्या नाहीत, तिला वाट दिली. मला आता फक्त तिच्या शिंगांची टोकं दिसत होती.

चार वर्षं कोल्हा आला, माणसं आली, लोंढा आला. घाबरल्यावर तिला कुणाच्या मागे जाता आलं नव्हतं.

शौकत शेजारच्या फटीतून बघत होता. “दिसली का?” त्याने विचारलं.

“आता नाही दिसत,” मी म्हटलं.

आणि मी तिथे उभी राहिले, ती पुन्हा पुढे येते का बघत. ती आली नाही. तासाभराने तिथला माणूस म्हणाला की बंद करायची वेळ झाली, आणि आम्ही निघालो.